गाळाचे खडक: एका कुळाला दोन मोजपट्ट्या

मित्रहो, आजच्या विषयाची सुरुवात मी एका तक्रारीपासून करणार आहे. खडकांचा अभ्यास नव्याने सुरू करणारे विद्यार्थी ही तक्रार हमखास करतात, आणि माझ्या मते ती रास्त आहे. ते म्हणतात, की वालुकाश्माला तुम्ही त्यातील कणांच्या आकारमानावरून नाव देता आणि चुनखडकाला त्यातील द्रव्यावरून. दोघेही गाळाचेच खडक, मग मोजपट्टी वेगळी का? माणसांच्या एका गटाला उंचीवरून आणि दुसऱ्याला आडनावावरून ओळखायचे, याला वर्गीकरण कसे म्हणायचे? या प्रश्नाला 'तशी प्रथा आहे' असे उत्तर देऊन भागत नाही. हे खडक घडतात कसे, हे शेवटापर्यंत पाहिले तरच दोन मोजपट्ट्या का लागतात ते कळते. म्हणून आधी घडण आणि मग नावे, असा आजचा क्रम ठेवला आहे.

भूकवचाच्या एकूण घनफळात गाळाच्या खडकांचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आहे. पण जमिनीच्या पृष्ठभागापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यांनीच झाकलेला आहे. म्हणजे हा थर विस्ताराने प्रचंड आणि जाडीने किरकोळ आहे. पृथ्वीवरचे हवामान, समुद्राची चढउतार, सजीवांची वाटचाल यांची बहुतेक नोंद मात्र याच पातळ थरात आहे, कारण हे खडक हवा, पाणी आणि जीवसृष्टी यांच्या सान्निध्यात, पृष्ठभागावरच्या तापमानाला जन्म घेतात.

आता एक ग्रॅनाइटचा धोंडा डोळ्यांसमोर आणा. त्यात मुख्यतः क्वॉर्ट्झ, फेल्स्पार आणि थोडे अभ्रक असते. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते आणि धोंड्याच्या भेगांमध्ये शिरते. फेल्स्पार या पाण्यापुढे टिकत नाही. त्यातील सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम पाण्यात निघून जातात आणि जे उरते त्याची केओलिनाइटसारखी मृद्-खनिजे, म्हणजे चिकणमातीचे सूक्ष्म पत्रे, तयार होतात. क्वॉर्ट्झचे मात्र फारसे काही बिघडत नाही. शेजारचा फेल्स्पार मऊ पडला, की क्वॉर्ट्झचे कण सुटे होऊन वाळू म्हणून गळू लागतात. सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले, की शिलारसातून उच्च तापमानाला आधी स्फटिक होणारी खनिजे पृष्ठभागावर आधी नष्ट होतात आणि शेवटी स्फटिक होणारे क्वॉर्ट्झ सर्वांत जास्त टिकते. खनिज ज्या परिस्थितीत जन्मले तिच्यापासून पृष्ठभागाची परिस्थिती जितकी वेगळी, तितके ते इथे अस्थिर, असा याचा अर्थ आहे.

इथेच, खडक फुटतो त्याच जागी, वर्गीकरणाची पहिली रेघ ओढली गेलेली असते. धोंड्यातून दोन प्रकारचा ऐवज निघाला: एक घन कणांचा, त्यात वाळूही आली आणि चिकणमातीही, दुसरा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा. हे दोन्ही एकाच नदीतून जातात, पण त्यांना नेणारे आणि खाली ठेवणारे नियम अगदी वेगळे आहेत. घन कणाला पाण्याचा जोर लागतो आणि जोर संपला की तो बसतो. विरघळलेल्या कॅल्शियमला जोराशी कर्तव्य नसते. पाण्याची रासायनिक स्थिती बदलेपर्यंत किंवा एखादा जीव त्याचे कवच बनवेपर्यंत ते पाण्यातच राहते.

घन कणांचा प्रवास जरा तपशिलात पाहू. साधारण पाव मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर या वेगाने खाली जातो. म्हणजे शंभर मीटर खोल पाण्याच्या तळाशी पोचायला त्याला तासभर पुरतो. आता एक मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, चिकणमातीचा कण घ्या. स्टोक्सच्या नियमानुसार बारीक कणांचा बसण्याचा वेग त्यांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्या हिशेबाने हा कण दिवसाला आठेक सेंटिमीटर उतरेल आणि तेच शंभर मीटर अंतर कापायला त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि सूक्ष्मजीव त्यांना गिळून विष्ठेच्या गोळ्यांमधून बाहेर टाकतात, त्यामुळे ते बरेच लवकर तळाला लागतात. तरीही फरक एवढा मोठा आहे, की वाळू आणि चिकणमाती सहसा एका जागी एका वेळी साठत नाहीत. पाणीच त्यांची वाटणी करून टाकते.

म्हणूनच कणमय खडकांसाठी आकारमानाची मोजपट्टी योग्य ठरते. चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडलेली श्रेणी आजही वापरात आहे. २५६ मिलिमीटरपेक्षा मोठे ते धोंडे, ६४ ते २५६ मिलिमीटरचे गोटे, त्याखाली २ मिलिमीटरपर्यंत लहान गोटे आणि खडी, २ मिलिमीटरपासून एक सोळांश मिलिमीटरपर्यंत वाळू, तिथून मिलिमीटरच्या २५६ व्या भागापर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. या आकड्यांकडे नीट पाहिले तर प्रत्येक सीमा दोनच्या पटीत आहे, हे लक्षात येईल. एका मिलिमीटरची वाळू आणि दोन मिलिमीटरची खडी यांत पाण्याला जाणवणारा फरक मोठा असतो, तर १०० आणि १०१ मिलिमीटरच्या गोट्यांमधला फरक पाण्याच्या गावीही नसतो. म्हणून बेरजेची पट्टी सोडून गुणाकाराची पट्टी घेतली, आणि हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

या हिशेबाला एक गमतीदार अपवाद आहे. स्वीडनचे फिलिप युलस्ट्रॉम यांनी १९३५ मध्ये दाखवले, की तळावरून उचलायला सर्वांत सोपी असते ती बारीक ते मध्यम वाळू. त्याहून मोठे कण जड म्हणून अवघड जातात, हे समजण्यासारखे आहे, पण त्याहून बारीक अशी दबलेली चिकणमातीही अवघड जाते, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. एकदा बसलेला चिखल उखडायला म्हणूनच वाळूपेक्षा जोराचा प्रवाह लागतो आणि एकदा उखडला की तो नुसत्या मंद प्रवाहातही तरंगत राहतो.

वाहताना कण आपसांत आदळतात आणि त्यांचे कोपरे झिजतात. गोटा काही किलोमीटरांत गोलसर होऊ शकतो. वाळूच्या कणाला पाण्याचे आवरण धक्क्यापासून वाचवते, म्हणून तो फार सावकाश गोल होतो. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूला असे संरक्षण नसते, त्यामुळे वाळवंटातील वाळूचे कण अधिक गोल आणि धुरकट पृष्ठाचे असतात. हिमनदीचे मात्र सगळेच न्यारे. ती घराएवढा धोंडा आणि पिठासारखी भुकटी एकाच वेळी, एकाच वेगाने नेते आणि बर्फ वितळला की दोन्ही एकाच ढिगात टाकून मोकळी होते. अशा ढिगाऱ्यापासून झालेल्या खडकात कणांची निवड अजिबात झालेली नसते, आणि हीच त्याची मोठी खूण असते.

प्रवाहाचा जोर ओसरला की गाळ थराथराने बसतो. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो यांनी मांडले, की थर बसतात तेव्हा ते जवळजवळ आडवे असतात आणि खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. आज हे उघड वाटते, पण डोंगरात उभे राहिलेले थर पाहून 'हे आधी आडवे होते, नंतर उचलले गेले' असे म्हणण्याचे धाडस या विधानाने दिले. थराच्या आतही नोंदी असतात. वाळूच्या लाटा प्रवाहाबरोबर पुढे सरकताना त्यांच्या उतारावर तिरप्या पापुद्र्यांचे संच तयार होतात आणि त्या पापुद्र्यांच्या कलावरून पाणी किंवा वारा कोणत्या दिशेला वाहत होता, ते कोट्यवधी वर्षांनंतरही सांगता येते.

एक घटना मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलँडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्स या उथळ समुद्रतळाच्या काठावर मोठा भूकंप झाला. अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या १२ तारा तुटल्या. केंद्राजवळच्या तारा लगेच तुटल्या, हे ठीक; पण उतारावर खाली, अधिकाधिक दूर असलेल्या तारा एकीमागून एक, पुढे सुमारे १३ तासांपर्यंत तुटत राहिल्या. तार केव्हा तुटली याची वेळ यंत्रावर नोंदलेली होती. ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग यांनी १९५२ मध्ये याचा उलगडा केला: भूकंपाने काठावरचा गाळ घसरला, पाण्यात मिसळून जड झाला आणि तळालगत लोटत वाटेतल्या तारा तोडत गेला. असा लोंढा थांबतो तेव्हा आधी भरड कण बसतात, मग वाळू, मग पोयटा आणि सर्वांत शेवटी चिखल. खाली भरड आणि वर बारीक अशी चढण असलेले, एकावर एक शेकडो थर ज्या वालुकाश्मांत दिसत होते, त्यांचे कोडे यामुळे सुटले. वाळू उथळ पाण्यातलीच, हा समज तेव्हापासून सोडून द्यावा लागला.

बसलेला गाळ म्हणजे अजून खडक नव्हे. ताज्या चिखलाच्या घनफळात निम्म्याहून अधिक पाणीच असते. वर नवे थर चढत जातात तसे हे पाणी पिळून निघते, मृद्-खनिजांचे पत्रे आडवे लोळतात आणि चिखलाची जाडी अर्ध्याहूनही कमी होते. वाळू इतकी दबत नाही, कारण तिचे कण एकमेकांवर टेकलेले असतात. तिला खडक व्हायला सिमेंट लागते. कणांमधल्या पोकळ्यांतून फिरणारे भूजल कॅल्साइट (चुन्याचे खनिज), सिलिका (क्वॉर्ट्झचेच द्रव्य) किंवा लोहाचे ऑक्साइड साठवत जाते आणि कण जोडले जातात.

माझ्या हातातला हा लालसर वालुकाश्माचा तुकडा व्याख्यानानंतर भिंगाखाली पाहा. लाल रंग कणांच्या आत नाही. प्रत्येक कणावर हेमॅटाइटचा अत्यंत पातळ लेप आहे, आणि एवढ्याशा लोहाने अख्खा डोंगर लाल दिसू शकतो. तुकडा उजेडात हलवला की काही कण आरशासारखे चमकतात. वाळूचा गोल कण असा चमकत नाही. पोकळीत आलेल्या सिलिकेने जुन्या कणाचाच स्फटिक पुढे वाढवला आणि त्याला नव्या सपाट बाजू आल्या, म्हणून ही चमक आहे. लाल लेप त्या जुन्या गोल कडेवरच अडकून राहिला, त्यामुळे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नव्या वाढीच्या आत मूळ कणाची रेघ स्पष्ट दिसते.

आता नावांकडे येऊ. गोलसर गोटे बारीक द्रव्यात जोडले गेले तर पिंडाश्म. तुकडे कोनदार राहिले तर कोनाश्म, म्हणजे ऐवज फार दूरवरून आलेला नाही. वाळूचा तो वालुकाश्म. त्याच्या पोटविभागांत द्रव्य विचारात घेतात: जवळजवळ सगळे क्वॉर्ट्झच असेल तर तो क्वॉर्ट्झ अरेनाइट, फेल्स्पार पाव हिश्शाहून जास्त असेल तर आर्कोज, आणि कणांच्या मधे भरपूर चिखल असेल तर ग्रेवॅक. फेल्स्पार पाण्यापुढे टिकत नाही, हे आपण पाहिलेच. तरीही तो उरला, याचा अर्थ उगमाची जागा जवळ होती, किंवा हवामान इतके कोरडे वा थंड होते की त्याला कुजायला सवड मिळाली नाही. वालुकाश्माचे हे दुसरे नाव म्हणजे त्याच्या उगमाचा पत्ताच असतो.

चिखलाच्या खडकांची उपेक्षा फार होते. सर्व गाळाच्या खडकांत त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे, तरी ते मऊ असल्याने झिजतात, गवताखाली लपतात आणि छायाचित्रांत येत नाहीत. पापुद्र्यांनी फुटणारा तो शेल, न फुटणारा तो पंकाश्म. यात पोयटा जास्त की चिकणमाती, हे ठरवायची क्षेत्रावरची रीत ऐकून नवखे लोक हसतात: खडकाचा कपचा दातांखाली धरायचा. कचकच लागली तर पोयटा आहे, लोण्यासारखा गुळगुळीत लागला तर चिकणमाती. डोळ्यांना न दिसणारे कण दातांना कळतात, आणि प्रयोगशाळेत परतल्यावर हा निकाल सहसा फिरवावा लागत नाही.

इथवर आकारमानाची पट्टी चालली. आता विरघळलेल्या ऐवजाकडे वळू, म्हणजे मुख्यतः चुनखडकाकडे. समुद्रातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन शिंपले, प्रवाळ, शैवाल आणि असंख्य सूक्ष्मजीव आपली कवचे बांधतात. मेल्यावर ती तळाशी साठतात. समजा, बारीक चुनचिखलात तळहाताएवढा शिंपला सापडला. आकारमानाच्या पट्टीने तो गोट्यांच्या वर्गात जाईल आणि आपण जोरदार प्रवाहाचे अनुमान काढू. ते साफ चुकेल. तो जीव तिथेच, संथ पाण्यात राहत होता आणि तिथेच मेला. त्याला कोणी वाहून आणलेले नाही. शिंपल्याचे आकारमान त्या जीवाची जात सांगते, पाण्याचा जोर सांगत नाही. म्हणून या खडकांत पहिले नाव द्रव्यावरून दिले जाते.

द्रव्य ओळखणे सोपे आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक फसफसतो, त्याचा मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद डोलोमाइट मात्र पूड केल्याशिवाय नीट फसफसत नाही. पण मग पाण्याचा जोर कळणार कसा? रॉबर्ट डनहॅम यांनी १९६२ मध्ये यावर सुंदर तोड काढली. त्यांनी कणांचे आकारमान बाजूला ठेवून दोन साधे प्रश्न विचारले: कणांच्या मधे चुनचिखल आहे का, आणि कण एकमेकांना टेकलेले आहेत की चिखलात तरंगत आहेत? चिखलात कण तुरळक असतील तर मडस्टोन, १० टक्क्यांहून जास्त पण तरंगते असतील तर वॅकस्टोन, टेकलेले पण मधे चिखल असेल तर पॅकस्टोन, चिखल धुऊन गेला असेल तर ग्रेनस्टोन, आणि प्रवाळांसारख्या जीवांनी जागच्या जागी बांधलेला असेल तर बाउंडस्टोन. चिखल राहिला की गेला, हे लाटांवर अवलंबून असते. कणमय खडकांना आकारमानाने जो प्रश्न विचारला, तोच डनहॅम यांनी चुनखडकांना वेगळ्या शब्दांत विचारला, आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारीचे उत्तर मला इथे सापडते. दोन मोजपट्ट्या आहेत खऱ्या, पण दोन्हींनी शोधायचे ते एकच: हा ऐवज इथे कसा आला आणि बसताना पाणी काय करत होते.

खोल समुद्रात आणखी एक मर्यादा येते. साधारण चार ते पाच किलोमीटर खोलीखाली थंड पाणी आणि मोठा दाब यांमुळे चुन्याची कवचे तळाला टिकण्याआधीच विरघळून जातात. तिथे उरते ती तांबडी चिकणमाती किंवा सिलिकेची कवचे, ज्यांच्यापासून पुढे चर्ट हा सिलिकेचा कठीण खडक होतो. उलट, ज्या उथळ समुद्रांवर सूक्ष्म शैवालांच्या चकत्यांचा पाऊस पडत राहिला, तिथे खडूचे पांढरे थर झाले. डोव्हरचे कडे अशाच चकत्यांचे आहेत आणि एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते.

समुद्राचे पाणी आटून होणाऱ्या खडकांचा हिशेब तर कागदावर मांडता येतो. लिटरभर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत पाचव्या हिश्शावर आले की जिप्सम बसू लागते, दहाव्या हिश्शावर आले की मीठ, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार अगदी शेवटी. आता गणित करा: एक हजार मीटर खोल समुद्र पूर्ण आटला तरी तळाशी जेमतेम १६ मीटर जाडीचा क्षारांचा थर उरेल. भूमध्य समुद्राच्या तळाखाली मात्र एक किलोमीटरहून जाड थर आहेत, हे १९७० मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजावरून झालेल्या खोदकामानंतर नीट उलगडू लागले. ते सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. एकदा आटून एवढे मीठ मिळूच शकत नाही. अटलांटिकचे पाणी वारंवार आत येत राहिले असले पाहिजे. समुद्र किती आटला होता यावर वाद आहे, पण पाणी पुन्हा पुन्हा आले यावर नाही.

दगडी कोळशाविषयी थोडक्यात: दलदलीतील वनस्पती प्राणवायूअभावी पूर्ण कुजत नाहीत, त्यांचे पीट होते, आणि गाडले जाऊन तापत गेल्यावर लिग्नाइट, बिट्युमिनी कोळसा आणि अँथ्रासाइट असा क्रम लागतो. इथे पट्टी द्रव्याचीही नाही आणि आकारमानाचीही नाही. कार्बन किती वाढला, ही आहे.

काही खडक या कोणत्याच चौकटीत नीट बसत नाहीत. डोलोमाइट तर उघडच शरम आणणारा प्रश्न आहे. फ्रेंच भूवैज्ञानिक दोलोम्यू यांनी १७९१ मध्ये त्याचे वर्णन केले, प्राचीन थरांत तो डोंगरच्या डोंगर भरून आहे, आणि आजच्या समुद्रांत मात्र तो तयार होताना क्वचितच दिसतो. चुनखडकात नंतर मॅग्नेशियम शिरून तो बदलतो, एवढे मान्य आहे. एवढ्या प्रमाणात आणि इतक्या वेळा ते कसे झाले, यावर अजून एकमत नाही.

शेवटी, ही नावे प्रत्यक्ष कामाला कशी येतात ते सांगतो. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावरील गेल विवरात उतरली. पुढच्याच महिन्यात तिने पाठवलेल्या चित्रांत फुटलेल्या फरशीसारखा एक खडक दिसला. त्यात वाळूत घट्ट रुतलेले खडे होते. ते २ मिलिमीटरहून मोठे होते, काही तर सेंटिमीटरांत मोजण्याइतके, म्हणजे वाऱ्याने वाहून आणण्याजोगे नव्हते. आणि त्यांचे कोपरे झिजलेले होते. भूवैज्ञानिकांनी त्याला पिंडाश्म म्हटले आणि खड्यांच्या आकारमानावरून घोट्यापासून कमरेपर्यंत खोल अशा वाहत्या पाण्याचा अंदाज केला. त्यानंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये गाडीने जवळच सखल भागातील एका खडकाला गिरमिटाने भोक पाडले. वरून तांबडा दिसणाऱ्या त्या खडकातून करड्या रंगाची पूड निघाली, तिच्यात मृद्-खनिजे होती आणि कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होते. तो पंकाश्म होता, आणि तिथे एके काळी तळे होते.